हनुवटी खाली

बाईंनी पहिल्याच दिवशी माझा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि डोळे बारीक करून बघत राहिल्या. मला वाटलं, बाईंना हात बघता येतो. मी तेव्हा लहान होते, एकाहत्तर वर्षांची. त्या वयात माणूस कशावरही विश्वास ठेवतं. मी आवाज खाली आणून विचारलं, "मुलाचं इकडं येणं दिसतंय का हो बाई, दिवाळीपर्यंत?"

"नखं दिसायलेत," बाई म्हणाल्या. "कापा. मंग जेवायला या."

मग तोच हात त्यांनी नाकाशी नेला आणि चक्क हुंगला. "लसणाची चटणी. पिशवीत हाय का उशीखाली?"

चटणी उशीखाली होती. येऊन तास झाला नव्हता, आणि माझी उशी बदनाम झाली.

परभणीच्या बाहेर, पेडगावच्या रस्त्याला आमचं घर आहे. ज्यांना उठायला-बसायला, आंघोळीला, गोळ्या घ्यायला कुणाचा तरी हात लागतो, अशी आम्ही वीसबावीस म्हातारी माणसं तिथे राहतो. लोक वृद्धाश्रम म्हणतात. बाईंना तो शब्द चालायचा नाही. "आश्रमात ऋषी ऱ्हातेत," त्या म्हणायच्या. "हितं तुमी ऱ्हाता. चटणी लपविणारे." माझं खुब्याचं हाड मोडलं होतं, मुलगा बंगळूरला, म्हणून मी तीन महिन्यांसाठी म्हणून आले. ते तीन महिने अजून चालू आहेत. बाई मात्र आता इथे नाहीत. दुसऱ्या गावी असंच एक घर निघालं, तिथल्या म्हाताऱ्यांचे हात हुंगायला त्या गेल्या. त्यांचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर हा कागद शोधून काढतील आणि पहिल्या ओळीपासून चुका दाखवतील.

बाई मूळच्या राणीसावरगावकडच्या. आयुष्यभर सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थाला जातात, या आमच्या घराचा कारभार बघायला आल्या. केसांना कायम पांढरं फडकं बांधलेलं. स्वयंपाकघरात ठीक आहे, पण बाई ते फडकं बांधून लग्नालाही जायच्या. पायात लाकडी तळाच्या चपला. फरशीवर टाक-टाक असा आवाज यायचा की डोकं उठायचं. मी एकदा म्हटलं, "बाई, जरा मऊ चपला घ्या की. माणूस झोपेतून दचकतं."

"आवाज येवा म्हूनच घालते," त्या म्हणाल्या. "कोण कपडे बदलत असतंय, कोण रडत असतंय. माणसाला सावरायला येळ मिळावा."

तेव्हा मला हे कळलं नाही. मी खोलीत जाऊन शेजारणीला सांगितलं, बाईंना मिरवायची हौस आहे.

आधी बाई जेवायच्या, मग आम्ही. हा तिथला कायदा. स्वयंपाकीण कौसाबाई सगळी पातेली आणून मांडायची. बाई एकेकाचं झाकण काढून डाळीत, भाजीत, भातात एक लांब काडी खुपसायच्या. ताप बघायचं यंत्र होतं ते, फक्त माणसाऐवजी वरणाचा ताप बघायचं. वरण पुरेसं तापलेलं नसलं की पातेलं परत चुलीवर. पास झालं की बाई प्रत्येकातलं थोडं थोडं ताटात घेऊन आमच्यासमोर निळ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून जेवायच्या. जेवून तशाच बसून राहायच्या आणि आम्ही समोर भुकेने कळवळत त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचो, की या अजून धडधाकट आहेत ना.

एकदा उन्हाळ्यात, जेवण झाल्यावर, खुर्चीतच त्यांना डुलकी लागली. मान कलली, तोंड उघडं पडलं. मग कौसाबाईनं असा टाहो फोडला की बाहेरची कुत्री पळाली. "आवो म्या काय बी टाकलं न्हाई वो भाजीत! दोडकेच हायती नुसते!" एका आजोबांनी तर पोलिसांना काय सांगायचं तेही ठरवून टाकलं. मी काय केलं? मी माझ्या ताटातलं दोडकं हळूच शेजारणीच्या ताटात सरकवलं. आपण पुढारी असलो तरी जपून राहावं.

बाईंनी एक डोळा उघडला. "दोडके चांगले झाल्ते," म्हणाल्या. "वाढा."

पुढारी म्हणजे मीच. बाई मला मंत्रीणबाई म्हणायच्या. कारण असं की आल्या आल्या मी त्यांच्याविरुद्ध एक मोठं आंदोलन केलं. ते बासुंदीचं.

आमच्या दाराशी लोक फार दयेने येतात. वाढदिवस असला की केक, पितृपक्षात खीर आणि वडे, आणि लग्नसराईत तर विचारू नका. काल लग्न झालं, आज उरलेलं अन्न टेम्पोत घालून पुण्य करायला निघतात. बाई फाटकातच हात आडवा करायच्या. "ज्वारी द्या, तूरडाळ द्या, भाजी द्या. हातपाय धुवून आत येऊन रांधा, आन् आमच्यासंगं बसून खावा. पण शिजून आलेलं आत येणार न्हाई." लोक रागवायचे. एक जण म्हणाला, "बाई, देवाच्या नावानं आणलंय." बाई म्हणाल्या, "मंग देवाला द्या. त्याचं पोट पक्कं हाय."

एका सकाळी बासुंदीचं पातेलं असंच फाटकातून परत निघालं. मी व्हरांड्यातून बघत होते. वर बदाम तरंगत होते हो! मला राहवलं नाही. काठी टेकत फाटकापर्यंत गेले आणि भाषण ठोकलं. म्हातारपणी माणसाचे हक्क, गोडधोड, सरकार, घटना, काय काय बोलले. चारपाच जण मागे उभे राहिले, त्यातल्या दोघांना साखरेचा आजार होता. बाईंनी शांतपणे ऐकलं. मग पातेलं व्हरांड्यात ठेवायला लावलं आणि शेजारी मला खुर्ची दिली.

"बसा, मंत्रीणबाई. तुमीच राखण करा. परवाच्याला आटवलेली हाय, रातभर मांडवात व्हती. थोड्या थोड्या येळानं वास घ्या. तुमी म्हणसाल तवा वाढू."

मी बसले. वास घेत राहिले. ऊन चढलं. माशा आल्या. बासुंदीच्या कडेला बारीक बुडबुडे यायला लागले. दुपारपर्यंत माझं स्वतःचंच तोंड वाकडं झालं, पण मी माघार घ्यायला तयार नव्हते. बाईंनी विचारलं, "काय मग?"

"किंचित आंबूस आहे," मी म्हणाले. "पण चालेल."

"चालंल की," बाई म्हणाल्या. "संडासापर्यंत चालंल. तिथून पुढं पळंल."

पाठीमागचे माझे सगळे कार्यकर्ते हसले. आंदोलन तिथेच संपलं.

बाई अशा. गोड बोलणं त्यांना येत नव्हतं. पण एक सांगते. आमच्यातल्या एका आजींचे हात थरथरायचे. ब्लाऊजची बटणं लावायला त्यांना फार वेळ लागायचा. मदतीला असलेली पोरगी घाईघाईने लावून द्यायला गेली की बाई तिला थांबवायच्या. स्वतः समोर स्टूल घेऊन बसायच्या, गप्पा मारायच्या, पेपरातली बातमी वाचून दाखवायच्या आणि आजी एकेक बटण लावत राहायच्या. शेवटचं बटण लागलं की बाई उठायच्या. मी त्यावरही टीका केली होती, की या बाईंना कामं नाहीत. माझ्या तेव्हाच्या अकलेबद्दल आता मी काय बोलू? अकलेला दिवाळीची सुट्टी होती.

आणि मग आबा आले.

आबा पालमच्या बाजूचे. धनगर. सगळं आयुष्य मेंढरांमागे, उन्हातान्हात. अंगाने काटक, पांढऱ्या मिशा, बोलणं थोडकंच. अंगावरून वारं गेलं होतं, डावा हात आणि डावा पाय लुळा पडला होता. जीभही थोडी जड झाली होती, पण शिव्या स्पष्ट यायच्या. लेक सुमन त्यांना घेऊन आली. तिच्या घरी ती आणि तिचा नवरा दोघं दिवसभर रोजाने जायचे, आबांना एकटं ठेवायची भीती वाटायची.

डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं ते आम्हालाही पुढे कळलं. बाई काहीच लपवायच्या नाहीत. आबांचा घसा नीट मिटत नव्हता. गिळलेलं पोटाऐवजी छातीत उतरत होतं. पाणी सगळ्यात वाईट, कारण ते पटकन घसरतं. एकदा छातीत कफ होऊन आबा दवाखान्यात पडलेले होते. परत तसं झालं तर सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

उपाय होता. खाणं मऊ करायचं, पाणी आंबिलीसारखं थोडं दाट करायचं, पेल्याने छोटा घोट घ्यायचा आणि गिळताना हनुवटी छातीकडे न्यायची. एवढंच. हनुवटी खाली. बाई हे आबांना दिवसातून किती वेळा सांगायच्या त्याला गणती नाही.

मऊ खाणं आबांनी कुरकुरत घेतलं. आंबील दाट आणि चमच्याने म्हणून ती जायची. पण पाणी? आबांना पाणी तांब्यानेच पाहिजे. तेही वरून. तांब्या उजव्या हातात उंच धरायचा, मान मागे टाकायची आणि धार थेट घशात सोडायची. आपल्याकडे कोण ओठ लावतं तांब्याला? उष्टं होतं. आबांच्या घरात, माझ्या घरात, सगळ्यांच्या घरात लहानपणापासून तेच शिकवलेलं. आबांनी ओढ्याकाठी, विहिरीवर, दुसऱ्याच्या वाड्यावर आयुष्यभर तसंच पाणी पिलं. आता पहिल्याच धारेला ठसका लागायचा. ठसका कसला, जीव कोंडायचा. चेहरा जांभळा व्हायचा, बाई पाठीवर थापट्या मारायच्या आणि सगळी पंगत हातातला घास तसाच धरून बसायची.

"आबा, पेल्यानं प्या. ओठ लावून. मान खाली."

"ओठ लावून?" आबा म्हणायचे. "ते बगा, तुमीच लिवलंय."

आणि खरंच. माठाच्या वर भिंतीवर बाईंनी स्वतः तेलरंगाने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: तांब्याला ओठ लावू नये. आबांना वाचता येत नव्हतं, पण त्यांना ते वाचून कुणी दाखवलं होतं? मी. मला वाटलं, बाईंना कोंडीत पकडायची ही छान संधी आहे. मी तर पंगतीत आबांच्या समोर बसून तांब्या हातभर उंच धरायची आणि धार सोडायची. एक थेंब इकडे तिकडे नाही. आबा कौतुकाने बघायचे. "हे बगा, ह्या बाई कशा पितेत," ते म्हणायचे. आणि मी मान ताठ करून इकडे तिकडे बघायची, जणू मला बक्षीसच मिळालंय.

बाईंनी दुसऱ्या दिवशी पेले आणले. प्रत्येकाचा वेगळा पेला, तळाला रंगाचा ठिपका. म्हणजे ओठ लावले तरी उष्ट्याचा प्रश्न नको. आबांचा लाल ठिपक्याचा. आबांनी तो बाजूला सरकवला. "तान्ह्या लेकरावानी चोखीत बसू का? मी आजवर कुणापुढं मान खाली घालून पानी पिलो न्हाई."

मग आबांनी दुसरंच सुरू केलं. ते पाणी प्यायचेच नाहीत. ठसका नको, पेला नको, म्हणून पाणीच नको. चार दिवसांत ओठांना भेगा पडल्या. जीभ वाळली. डोळे खोल गेले. बाई दर थोड्या वेळाने आंबिलीचा चमचा घेऊन जायच्या. आबा एखाददुसरा घेऊन तोंड फिरवायचे. रात्री बाई त्यांच्या खाटेशेजारी बसलेल्या असायच्या असं मदतीच्या पोरी सांगायच्या. सकाळी त्यांच्या चपलांचा आवाज संथ यायचा.

आणि अशात सुमन आली. पालमहून एसटीने आली होती, हातात फडक्यात बांधलेल्या दशम्या. बापाचे ओठ बघून ती दारातच थबकली.

"पानी बी देईनात का वो माझ्या बापाला?"

बाईंनी समजावून सांगितलं. घसा, छाती, हनुवटी, सगळं. सुमनने ऐकलं, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि डोळ्यांत पाणी असलं की कानांना कमी ऐकू येतं. तिने फडकं सोडलं. "माझ्या हातची दशमी खाईल आबा. घरी पानी बी पेईल. वरून पेईल न्हाईतर कसं बी पेईल. मी घिऊन जाते त्याला."

बाईंनी दशमी तिच्या हातातून काढून घेतली. आम्हाला सगळ्यांना वाईट वाटलं. लेकीच्या हातचा घास हिसकावून घेणारी ही कसली बाई?

"न्या," बाई म्हणाल्या. "तुमचाच बाप हाय. म्या कोण आडविणारी? पण पोरी, ही दशमी त्याच्या घशात आडकली तर घरी कोण हाय पाठ थोपटायला? तू तर रानात." बाईंनी जरा थांबून विचारलं, "सोमवारी न्याल का?"

"नेईन की. सोमवारी जीप घिऊन येते."

"येताना एक कोकरू घिऊन या."

सुमनला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "कोकरू?"

"आईला दूध नसलेलं. बाटलीनं पाजायलाव असं. हाय का?"

"हाय एक. जुळ्यातलं उरलेलं. पण बाई, कामून?"

"आणा तर खरं."

आमच्या घरात मांजर आलं तर बाई फाटकापर्यंत हाकलून द्यायच्या आणि मागे फिनेल टाकायच्या. त्या बाईंनी कोकरू मागवलं! त्या रात्री घरभर एकच चर्चा. मी मात्र सगळ्यांना छातीठोकपणे सांगितलं, मला कारण कळलंय. आबा जाणार म्हणून सोमवारी निरोपाचं जेवण. मटण. मी कौसाबाईला गाठून खसखस आहे का, खोबरं भाजून ठेव, असं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आज्जी, ते कोकरू पिल्लू हाय, पातेल्याचं बूडसुदिक झाकायचं न्हाई." मी म्हटलं, "रस्सा जास्त कर." आता आठवलं की लाज वाटते, पण भूकही लागते.

सोमवारी जीप आली. सुमन आणि तिचा नवरा उतरले. नवऱ्याच्या खांद्यावर कोकरू, एवढंसं, पांढरं, कानाला काळा डाग. ते बें बें ओरडत होतं. बाईंनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. नळाजवळ लिंबाच्या झाडाखाली गोणपाट अंथरलं आणि आबांची चाकाची खुर्ची तिथे आणवली. कोकराला त्यांच्या मांडीवर ठेवलं. सुमनने आणलेली दुधाची बाटली बाईंनी आबांच्या चालत्या हातात दिली.

"पाजा."

आबांनी बाईंकडे बघितलं, मग कोकराकडे. मग त्यांचा चेहराच बदलला. लुळा हात त्यांनी कसाबसा कोकराच्या मानेमागे आणला, नुसता टेकवला. उजव्या हाताने बाटली पुढे केली. कोकरू अधाशी, त्याने मान वर टाकली, बाटलीचं रबरी बोंड ओढायला. आबांनी लगेच बाटली काढली. कोपराने त्याची मान खाली दाबली, बाटली खालूनच तोंडाशी नेली आणि मग पाजायला लागले. कोकरू शेपूट हलवत पीत राहिलं. परत मान वर गेली, परत आबांनी बाटली काढली.

"हाड! खाली कर मान. खाली."

बाई शेजारी उकिडव्या बसल्या होत्या. "कामून वो आबा? पिऊ द्या की त्याला वर करून."

आबा त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "वर केल्यावर छातीत जातंय दूध. दोन दिसांत मरतंय. माझ्या बानं शिकिवलंय."

मग हात थांबला. बाटली तोंडाशी, कोकरू पीत, आणि आबांची नजर त्या खाली दाबलेल्या मानेवर. आम्ही सगळे व्हरांड्यात उभे होतो. एरवी एक वाक्य सोडणार नाही अशी ती बाई! नुसती गोणपाटाचा धागा उपसत बसली.

कोकरू पिऊन झालं. सुमनच्या नवऱ्याने ते उचलून नेलं. आबांनी बाईंकडे बघितलं.

"तुमी लय आगाव बाई हाव."

"हाव," बाई म्हणाल्या.

त्यांनी आबांचे हात साबणाने धुतले. दोन्ही. लुळ्या हाताचं प्रत्येक बोट वेगळं करून धुतलं. मग कौसाबाईला हाक मारून दोन पेले आणवले. दाट केलेलं पाणी. एक त्यांनी स्वतः घेतला. सगळ्यांसमोर ओठ लावले, हनुवटी छातीला टेकवली आणि घोट गिळला. मग म्हणाल्या, "मंत्रीणबाई, तुमी बी घ्या. आबा तुमच्याकडं बघून पितेत."

माझ्यावर आली. माझ्यासाठी कुणी पेला आणला नव्हता आणि मला तर सवय तांब्याची. मी म्हटलं दाखवू आपली कला अजून एकदा. तांब्या उचलला, मान मागे टाकली, धार सोडली. आणि त्याच क्षणी आबांनी लाल ठिपक्याचा पेला ओठांना लावला. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून ते बघायला गेले.

सगळं अंगण श्वास धरून उभं होतं. सुमनने पदर तोंडात कोंबला होता. आबांनी हनुवटी खाली घेतली. घोट गेला. आणि ठसका आला!

सुमन धावली. बाई धावल्या. कौसाबाईने टाहो फोडायला तोंड उघडलं. पण आबा शांत बसले होते, मिशांवर एक थेंब. खोकत होते मी. असा ठसका लागला की डोळे पांढरे झाले. नाकातून पाणी आलं. बाईंनी माझ्याच पाठीत दणके घातले.

आबांनी मला न्याहाळलं आणि म्हणाले, "मान खाली घ्या, बाई. वर केल्यावर छातीत जातंय."

तो पहिला घोट. मग दुसरा गेला. मग पूर्ण पेला. आबांना इतकी तहान होती की त्यांनी तीन पेले पिले, आणि बाई प्रत्येक घोटाला "हळू, हळू" म्हणत राहिल्या. बाईंनी दुसऱ्या दिवशी कौसाबाईकडून भिंतीवरचं वाक्य खरवडून घेतलं. मी विचारलं, "मग आता काय लिहायचं?" म्हणाल्या, "कायबी न्हाई. लिवलेलं लोकं तुमच्यासारखं वापरतेत."

सुमन त्या सोमवारी आबांना घेऊन गेली नाही. पण त्यांना आता घरी जायचंच होतं. कोकरू बघितल्यावर त्यांचा जीव इथे रमेना. बाईंनी अडवलं नाही. फक्त एक अट घातली. सुमनने आठवडाभर इथे राहायचं आणि शिकायचं.

सुमनच्या नवऱ्याने मुकाट मान हलवली. ती राहिली. बाई तिला सकाळी उठवायच्या. हात कोपरापर्यंत धुवायचे. आंबील किती दाट, चमच्यावरून कशी पडली पाहिजे. भाकरी नुसती कुस्करून नाही, दुधात भिजवून, चाळून, गाठ राहता कामा नये. आबांना आधी सरळ बसवायचं, मग वाढायचं. तोंडात घास असताना बोलायला लावायचं नाही. डाव्या गालात घास अडकतो, तिथे बोटाने बघायचं. जेवल्यावर लगेच आडवं करायचं नाही. सुमन घाबरून घाबरून करायची. बाईंचा आवाज चढला की तिच्या हातून चमचा पडायचा.

आबा मात्र खूश. एकदा मला म्हणाले, "लेक शाळा शिकली न्हाई. आता शिकायलीय बगा."

शेवटच्या दिवशी बाईंनी सुमनची परीक्षा घेतली. पंगत बसली होती. बाई स्वतः आबांच्या चाकाच्या खुर्चीत जाऊन बसल्या. केसांचं पांढरं फडकं काढून खांद्यावर टाकलं, डावा हात मांडीवर सोडून दिला. "मी आता तुमचा बाप," म्हणाल्या. "पाजा मला."

सुमनने हात धुतले. पेला आणला. बाईंनी तोंड फिरवलं. सुमनने वाट बघितली. बाई म्हणाल्या, "मला तांब्यानं पायजे." सुमन म्हणाली, "आबा, पेल्यानंच." बाई म्हणाल्या, "मी न्हाई पेत. मला मेंढराकडं जायचंय." आणि मग त्यांनी मुद्दाम मान मागे टाकली आणि तोंड उघडून आ केलं, कोकरासारखं.

आम्ही सगळे बघत राहिलो. आबाही. सुमनने पेला बाजूला ठेवला. जिच्यासमोर आठवडाभर तिचा आवाज निघाला नव्हता, त्या बाईच्या हनुवटीला तिने बोटांनी धरलं आणि खाली केलं.

"हाड! मान खाली. खाली, म्हणते ना!"

बाईंनी मान खाली घेतली. छोटा घोट घेतला. गिळला. सुमनने वाट बघितली, तोंड उघडायला लावलं, गालात काही राहिलं नाही ना ते बघितलं आणि मगच पेला पुन्हा पुढे केला.

बाई खुर्चीतून उठल्या. पदराने मिशा पुसल्यासारखं केलं.

"न्या आता तुमच्या बापाला," त्या म्हणाल्या.